पोरं घरात अभ्यासाला बसतात कुठे?

लेकीचे सीए फाउंडेशनचे, म्हणजे सीएच्या पहिल्या परीक्षेचे, ऑनलाइन क्लास सुरू झाले तेव्हा पहिले तीन महिने ती पलंगावरच बसायची, पाठीला उशी, मांडीवर लॅपटॉप. मी येताजाता म्हणायचे नीट बस गं, मान धरेल. पण नीट बसायचं कुठे हे मी बघितलंच नव्हतं. डोंबिवलीतलं वन रूम किचन, माणसं पाच आणि क्लास संध्याकाळी साडेसहा ते नऊ, म्हणजे नेमका कुकरच्या शिट्ट्यांचा आणि सिरियलचा टाइम.

कॅमेरा ती कायम बंद ठेवायची, डाउट पण विचारायची नाही. एकदा जवळ घेऊन विचारलं तर म्हणाली, मम्मी मागे दोरीवरचे कपडे दिसतात आणि माइक ऑन केला की मिक्सर ऐकू जातो सगळ्यांना. त्या रात्री मला झोप नाही लागली. पोरगी तीन महिने शंका गिळत होती आणि आम्ही फी भरली म्हणजे झालं असं समजून बसलो होतो.

खिडकीपाशी माझं जुनं पायमशीन होतं. मशीन आत पाडून झाकण लावलं की वर सपाट टेबल तयार होतं. पायडल हलू नये म्हणून सुतळीने बांधून टाकलं, आता तिचे पाय त्यावर नीट टेकतात. खिडकी डाव्या हाताला ठेवली, वहीवर हाताची सावली पडत नाही. हे महत्त्वाचं, कारण व्हिडिओ कितीही बघा, अकाउंट्सचा पेपर शेवटी पेनानेच लिहायचा असतो, त्यामुळे वहीला जागा हवीच. लॅपटॉपखाली अकरावी-बारावीची पुस्तकं रचून स्क्रीन डोळ्यांसमोर आणली, मग टाइप करताना हात अवघडायला लागले म्हणून वेगळा कीबोर्ड आणला. पाठीमागे कोरी भिंत, दोरी गॅलरीत गेली. राउटर टीव्हीच्या मागून काढून उंचावर ठेवला, ५ गिगाहर्ट्झचं वायफाय फास्ट असतं पण भिंत मधे आली की दम तोडतं, शेवटी राउटरपासून लॅपटॉपपर्यंत सरळ लॅन केबल टाकली आणि व्हिडिओ अडकायचा बंद झाला.

पण खरं सांगू का, टेबल एका दुपारीत झालं, शांतता मिळायला महिना गेला. सांगली जिल्ह्यात कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव आहे, तिथे २०२२ मध्ये गावाने ठरवलं, संध्याकाळी ७ ला भोंगा वाजला की दीड तास टीव्ही मोबाईल बंद, पोरांनी अभ्यासाला बसायचं. अख्खं गाव ठरवू शकतं तर आम्ही पाच माणसं का नाही, असं मी घरात सगळ्यांना बसवून बोलले. आता कुकर आणि मिक्सर सहाच्या आत, ह्यांचे फोन गॅलरीत, आणि आई, म्हणजे माझ्या सासूबाई, सिरियल दुसऱ्या दिवशी दुपारी रिपीटला बघतात. त्यांना हे सोपं नव्हतं, दिवसभरात तेवढीच एक करमणूक त्यांची. म्हणून मला वाटतं घरात आधी बोलणं व्हायला हवं, टेबल खुर्ची नंतर.

परवा पहिल्यांदा कॅमेरा चालू करून लेकीने डेप्रिसिएशनचा, म्हणजे घसाऱ्याचा, डाउट विचारला. तिचं बोलणं संपेपर्यंत आई हातातलं भांडं तसंच धरून ओट्याशी उभ्या होत्या.