‘नाइन एमएम म्हणजे अस्वलाला गुदगुल्या’: एका प्रतिक्रियेला उत्तर

दादा, नमस्कार.

डॅलसहून तुम्ही एवढं सविस्तर लिहिलंत की दोन ओळींत बोळवण करणं बरं दिसलं नसतं, म्हणून हे वेगळं उत्तर. मूळ लेख ज्यांनी वाचला नाही त्यांच्यासाठी सांगते. अमेरिकेत राहून ज्यांनी घरात पिस्तूल ठेवायचं ठरवलंच आहे त्यांना ९ एमएम (९ मिलिमीटर व्यासाच्या गोळीचं) पुरेसं आहे, आणि डोंगरात जाताना आधी बेअर स्प्रे (अस्वलावर मारायचा तिखट फवारा) घ्या, पिस्तुलाचं नंतर बघा, असं मी लिहिलं होतं. तुमचं म्हणणं असं: पंचेचाळीसच्या (०.४५ इंची) एका गोळीत माणूस आडवा होतो, नाइनच्या तीन लागतात. एफबीआय नाइनकडे परत गेली ती बायकांना झटका सोसत नाही म्हणून. अस्वलासमोर नाइन म्हणजे गुदगुल्या, तिथे फोर्टी-फोर मॅग्नमचं दणकट रिव्हॉल्वरच हवं. स्प्रे हा बंदुकीला घाबरणाऱ्यांचा उद्योग. आणि शेवटी, ‘ताई, तुमचं ज्ञान पुस्तकी वाटतं.’

पुस्तकी तर पुस्तकी. गणितापासूनच सुरुवात करू.

पंचेचाळीसची नेहमीची गोळी २३० ग्रेनची, म्हणजे साधारण १५ ग्रॅमची. वेग सेकंदाला २५५ मीटरच्या आसपास. हा सगळा संवेग ८० किलोच्या माणसात उतरला तरी तो मागे सरकेल सेकंदाला पाच सेंटिमीटरच्या वेगाने. गोळीने माणूस उडून पडत असता, तर चाप ओढणाराही तितकाच उडाला असता. नाइनची १२४ ग्रेनची गोळी ८ ग्रॅमची, पण वेग ३५० मीटरच्या घरात. दोघींची ऊर्जा काढून बघा, ५०० जूलच्या अलीकडे-पलीकडेच येते. व्यासात फरक अडीच मिलिमीटरचा. या अडीच मिलिमीटरवर अमेरिकेत शंभर वर्षं वाद चालू आहे.

माणूस थांबतो तो दोनच कारणांनी. एक, गोळी मेंदूला किंवा मणक्यातल्या मज्जारज्जूला लागली. दोन, रक्त इतकं गेलं की मेंदूला पुरेना. दुसऱ्या प्रकाराला वेळ लागतो. हृदय निकामी झालं तरी मेंदूत दहा-पंधरा सेकंद पुरेल इतका प्राणवायू शिल्लक असतो आणि तेवढ्या वेळात पुष्कळ काही करता येतं. काही जण एका गोळीत बसतात हे खरं, पण ते वेदनेने किंवा भीतीने, आणि असे लोक बावीसच्या (०.२२ इंची) चिमुकल्या गोळीनेही बसतात. समोरचा त्यातला निघेल यावर भरवसा ठेवता येत नाही. म्हणून दोनच गोष्टी हातात उरतात: गोळी पुरेशी खोल जाणं आणि ती योग्य जागी लागणं.

खोलीचा धडा एफबीआयला फार महागात मिळाला. ११ एप्रिल १९८६, मायामी. बँक लुटणाऱ्या दोघांशी झालेल्या चकमकीत दोन एजंट मेले, पाच जखमी झाले. लुटारूंपैकी प्लॅट नावाच्याला सुरुवातीलाच ९ एमएमची ११५ ग्रेनची हॉलो पॉइंट (तोंडाशी पोकळ, अंगात शिरल्यावर फुलणारी) गोळी लागली होती. दंडातून छातीत शिरली आणि हृदयाच्या थोडं अलीकडे थांबली. त्यानंतरही तो लढत राहिला. ‘बघा, नाइन फेल गेली’ असं म्हणायला तुम्ही इथेच सरसावणार, ठाऊक आहे. गेलीच. पण ती त्या वेळची, लवकर फुलून लवकर थांबणारी हलकी गोळी होती. त्या धक्क्यातून एफबीआयने मोजमाप ठरवलं: बॅलिस्टिक जेलीत (मांसाऐवजी चाचणीला वापरतात त्या घट्ट जेलीत) गोळी किमान १२ इंच गेली पाहिजे आणि १८ च्या पुढे जाऊ नये. म्हणजे ३० ते ४६ सेंटिमीटर. मग त्यांनी टेन एमएम घेतलं, ते फार उसळतं म्हणून त्यात बार कमी भरला, आणि त्याच कमी केलेल्या बाराचं आखूड काडतूस १९९० साली फोर्टी एस अँड डब्ल्यू म्हणून बाजारात आलं. पुढच्या पंचवीस वर्षांत गोळ्या बनवणारे कारखाने याच १२ ते १८ इंचांच्या परीक्षेसाठी गोळ्या घडवत राहिले. आज चांगली ९ एमएम हॉलो पॉइंट गोळी त्या पट्ट्यात बसते, फोर्टीही बसते, पंचेचाळीसही. २०१६ मध्ये एफबीआयने पुन्हा नाइनचं कंत्राट दिलं.

आता बायकांबद्दल. झटका हे त्या निर्णयामागचं एक कारण होतंच, कोणी लपवलेलं नाही. पण नाइनने जास्त वेगाने आणि जास्त नेमकं मारणाऱ्यांत दाढीमिशीवाले एजंटही होते. माझा हात लहान आहे. पंचेचाळीसचं डबल-स्टॅक (गोळ्यांच्या दुहेरी रांगेमुळे जाड मुठीचं) पिस्तूल पकडलं की माझं बोट चापावर तिरकं पडतं आणि गोळी डावीकडे जाते. हे मला नेमबाजीच्या रेंजवर दिसतं, कारण लक्ष्याचा कागद खोटं बोलत नाही. बरेच पुरुष मात्र तिथे कागद जवळ मागवायच्या आधीच पिस्तूल पेटीत घालून निघतात, हेही मी बघते.

पैशाचंही बोला की. पन्नास काडतुसांचा नाइनचा डबा ज्या किमतीत येतो, त्याच्या तिप्पट फोर्टी-फोर मॅग्नमला पडतात. महिन्याकाठी कोण किती सराव करेल, ते तिथेच ठरतं.

घराचा मुद्दा तुम्ही एका वाक्यात उडवलात, पण मला सगळ्यात जास्त तोच महत्त्वाचा वाटतो. इथली घरं विटांची नाहीत. लाकडी सांगाडा आणि दोन्ही बाजूंनी अर्ध्या इंचाचं जिप्समचं शीटरॉक. माणसाला थांबवण्याइतकी खोल जाणारी कुठलीही पिस्तुलाची गोळी अशा भिंतींतून आरपार जाते, एका नाही, अनेक. नाइन जाते, पंचेचाळीसही जाते. हॉलो पॉइंटच्या तोंडात जिप्समचा भुगा भरला की ती फुलायचीच राहते आणि साध्या गोळीसारखी पुढे जाते. त्यामुळे भिंतीमागे मुलाचा पलंग कुठे आहे, आजी कुठे झोपतात, शेजाऱ्याची खिडकी किती अंतरावर आहे, हे कॅलिबरच्या (गोळीच्या व्यासाच्या) आधी बघायचं. बेडरूमच्या दारात उभं राहून एकदा घराचा नकाशा काढा. कोणत्या दिशेला बार करायचाच नाही, ते त्यात लगेच दिसतं. आणि बंद खोलीत कुठल्याही पिस्तुलाचा आवाज १४० डेसिबलच्या वर जातो. थ्री फिफ्टी-सेव्हन मॅग्नम त्यातही कर्कश, शिवाय अंधारात तिची ज्वाळा डोळे दिपवते.

जाता जाता एक सांगते. आम्ही कोलोरॅडोत राहतो. इथे २०२१ पासून कायदा आहे: घरात अल्पवयीन मुलांचा हात पोचू शकत असेल तर शस्त्र कुलपातच हवं. कायदा नसता तरी ठेवलं असतं. गणपतीला आमच्याकडे वरच्या मजल्यावर डझनभर मुलं लपाछपी खेळतात, आणि लपायला त्यांना कपाटंच आवडतात. बोटांनी आकडे दाबून उघडणारी छोटी तिजोरी पलंगाला बोल्टने बांधा. नवं पिस्तूल घेण्याआधी हा खर्च. घरात कोणी खचलेलं, उदास असेल तर पिस्तूल आणूच नका. या देशात बंदुकीने मरणाऱ्यांत निम्म्याहून जास्त लोक स्वतःच्याच हाताने जातात.

आता जंगल. तुम्ही ‘अस्वल’ असा एकच शब्द वापरलात, पण कुठलं अस्वल? कोलोरॅडोत आज फक्त काळी अस्वलं आहेत. शेवटचं माहीत असलेलं ग्रिझली (तपकिरी अस्वलाचा मोठा, आक्रमक प्रकार) १९७९ साली सॅन वान डोंगरांत मारलं गेलं, तेही एका जखमी शिकारी वाटाड्याने हातात बाण धरून भोसकल्याने, असं त्याने सांगितलं. आमच्या पायवाटांवर मला खरी धास्ती वाटते ती मूसची (सांबराच्या कुळातल्या अवाढव्य प्राण्याची), विशेषतः पिल्लू बरोबर असलेल्या मादीची. तिथे झाडाआड पळायचं, पिस्तूल काढत बसायचं नाही. उत्तरेला वायोमिंग-मोंटानात गेलात की ग्रिझलीचा मुलूख, आणि तिथे तुमचा आक्षेप गंभीरपणे घ्यावा लागतो.

ग्रिझली तासाला ५५ किलोमीटरने धावतं. तीस मीटरवरून झेपावलं तर तुमच्याकडे दोन सेकंद. जाड कातडी, चरबी, खांद्याचं भक्कम हाड. घरासाठी घेतलेली हॉलो पॉइंट इथे नको, कारण ती फुलते आणि थांबते. इथे हवी न फुलणारी, जड, सपाट तोंडाची गोळी. हार्डकास्ट, म्हणजे शिशात कथील आणि अँटिमनी घालून कडक केलेली, किंवा भरीव तांब्याची. ती हाड फोडून सरळ आत जाते. घरात हीच गोळी दोन घरं ओलांडेल. म्हणून मी म्हणते, घर आणि जंगल यांतला फरक कॅलिबरचा नंतर, आधी काडतुसात काय भरलंय याचा.

२०१६ मध्ये अलास्कातले जुने वाटाडे फिल शूमेकर यांनी चाल करून आलेलं तपकिरी अस्वल ९ एमएमने मारलं, १४७ ग्रेनची हार्डकास्ट वापरून. गुदगुल्यांनी ते मेलं नाही एवढं नक्की. पण यावरून कोणी ‘नाइन पुरतं’ म्हणायला लागलं तर मी अडवेन. त्यांच्यासारखे हात आणि तेवढी वर्षं किती जणांकडे आहेत? स्वतः शूमेकर एरवी फोर्टी-फोर मॅग्नमच बाळगायचे.

तुमचं फोर्टी-फोर चार इंची नळीचं असेल तर रिकामंच १.२ किलो भरतं. त्याची ऊर्जा नाइनच्या अडीचपट, आणि झटकाही त्या मानाने. पहिली गोळी चुकली तर दुसरी लागेपर्यंत अस्वल तुमच्याशी शेकहँड करून मोकळं. टेन एमएमबद्दल मात्र आपलं जमतं. पूर्ण भरलेलं टेन नाइनच्या पावणेदोनपट ताकदीचं, मॅगझिनमध्ये पंधरा, आणि ग्रीनलँडमध्ये डॅनिश सैन्याची सिरियस गस्त ध्रुवीय अस्वलांसाठी ग्लॉक २० हेच टेन बाळगते. ज्याला पाच गोळ्या पटापट ताटलीएवढ्या जागेत मारता येतात, त्याने ग्रिझलीच्या मुलखात खुशाल टेन न्यावं. ग्लॉकची मूळ नळी असेल तर नुसत्या शिशाच्या गोळ्या त्यात नकोत असं कंपनीच सांगते. तांब्याच्या घ्या किंवा नळी बदला. आणि एकाच हत्याराचा हट्ट असेल तर मला रिव्हॉल्वर जास्त पटतं. थ्री फिफ्टी-सेव्हनच्या रिव्हॉल्वरमध्ये घरी त्यातच चालणारं, सौम्य थर्टी-एट स्पेशल काडतूस घाला आणि रानात १८० ग्रेनची हार्डकास्ट मॅग्नम. चाप जड असतो, पण तो सवयीने जमतो.

स्प्रेला तुम्ही हसलात. अलास्कातल्या १९८५ ते २००६ च्या घटना तपासणाऱ्या अभ्यासात स्प्रेने तपकिरी अस्वलांना ९२ टक्के वेळा आवरलं, आणि जवळच्या गाठीत स्प्रे वापरणाऱ्यांपैकी ९८ टक्के माणसांना ओरखडाही आला नाही. त्याच संशोधकांच्या बंदुकीवरच्या २०१२ च्या अभ्यासात पिस्तुलांचं यश ८४ टक्के, लांब बंदुकांचं ७६. हे आकडे शेजारी ठेवून ‘स्प्रे जिंकला’ म्हणणं चूक आहे, कारण स्प्रेच्या यादीत नुसती चौकस अस्वलंही होती आणि बंदुकीच्या यादीत बहुतेक चवताळलेली. पण बंदुकीच्या अभ्यासातली एक गोष्ट मला विसरता येत नाही: ज्यांनी जवळची बंदूक वापरली आणि ज्यांनी वापरलीच नाही, त्यांच्या इजांमध्ये फरक आढळला नाही. स्प्रेचा ढग सात-आठ मीटरवर पसरतो, त्याला नेम लागत नाही. वारा तोंडावर असला तर पंचाईत, हे मान्य. म्हणून ग्रिझलीच्या मुलखात मी दोन्ही बाळगते, स्प्रे हाताच्या जवळ आणि पिस्तूल छातीवरच्या होलस्टरमध्ये, कारण पाठपिशवीच्या कमरपट्ट्याखाली ते वेळेवर सापडत नाही.

तुमच्या प्रतिक्रियेतली शेवटची ओळ वाचून मात्र मी दचकले: ‘भाचा एच-वन-बीवर आहे, जुलैत यलोस्टोनला जातोय, त्याला माझं फोर्टी-फोर देऊन पाठवतो.’ दादा, हे करू नका. एच-वन-बीसारख्या व्हिसावरच्या माणसाला बंदूकच काय, एक काडतूस बाळगणंही केंद्रीय कायद्याने गुन्हा आहे. शिकारीचा वैध परवाना असेल असे थोडे अपवाद आहेत, पण ते वकिलाला विचारल्याशिवाय गृहीत धरू नका. शिक्षा १५ वर्षांपर्यंत, आणि जाणूनबुजून देणाराही त्याच कलमांत सापडतो. त्याच्या ग्रीन कार्डाचं काय होईल ते वेगळंच. तुमच्या स्वतःसाठीही: २०१० पासून राष्ट्रीय उद्यानात राज्याच्या कायद्याप्रमाणे शस्त्र बाळगता येतं, पण उद्यानाच्या इमारतींत नाही, आणि तिथे बार करायला बंदीच आहे. स्वतःला वाचवताना ग्रिझली मेलं तर पाच दिवसांत कळवावं लागतं, नंतर चौकशी.

भाच्याला स्प्रे विमानात नेता येणार नाही, चेक-इनच्या बॅगेतही नाही. बोझमनला किंवा जॅक्सनला उतरला की तिथल्याच दुकानात घ्यायला सांगा, डब्यावरची मुदत बघून. उन्हात गाडीत ठेवू नये, तापला तर फुटतो. आणि सराव म्हणून तिखट नसलेला डबा मिळतो, तोही एक घ्यावा. हॉटेलच्या मागच्या मोकळ्या जागेत चारदा सुरक्षा-खिट्टी काढून फवारला तरी हाताला कळतं.