‘एमपीएलएस सोडा’ या मेसेजबद्दल खुलासा

नेटवर्किंग सर्टिफिकेशनच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: ‘सेगमेंट रूटिंग आलं, एमपीएलएस संपलं; लेबलचा धडा सोडला तरी चालेल.’ हे चुकीचं आहे. (एमपीएलएस म्हणजे पॅकेटला लेबल, म्हणजे एक आकडा, लावून त्यावरून ते पुढे पाठवणं; सेगमेंट रूटिंग म्हणजे पॅकेटचा मार्ग सुरुवातीलाच टप्प्यांच्या, म्हणजे सेगमेंटच्या, यादीने ठरवून देणं.)

सेगमेंट रूटिंगचं मानक असलेल्या आरएफसी ८४०२ (२०१८) च्या सुरुवातीलाच लिहिलंय की सेगमेंट रूटिंग एमपीएलएसवर चालतं आणि त्यासाठी फॉरवर्डिंगमध्ये काहीही बदलावं लागत नाही. आयपीव्ही६ वरचा एसआरव्ही६ हा दुसरा प्रकार. लेबलं वाटणाऱ्या एलडीपी आणि आरएसव्हीपी-टीई या प्रोटोकॉलांची गरज मात्र उरत नाही, कारण सेगमेंटची माहिती आयएस-आयएस किंवा ओएसपीएफ हा रूटिंग प्रोटोकॉलच पोचवतो. गोंधळ बहुधा इथेच झालाय.

लॅबमध्ये बघा. सिस्कोच्या आयओएस एक्सआर या राउटर सिस्टिमवर एसआरजीबी (सेगमेंट रूटिंगसाठी राखलेला लेबलांचा पट्टा) मुळात १६००० ते २३९९९ असतो. एका राउटरच्या लूपबॅकला (राउटरच्या आतला, कायम चालू असणारा इंटरफेस) प्रीफिक्स सिडचा (त्या पत्त्याच्या सेगमेंटची ओळख) इंडेक्स ५ द्या आणि इतर राउटरवर ‘शो एमपीएलएस फॉरवर्डिंग’ चालवा: १६००५ (१६००० + ५) आत, १६००५ बाहेर. स्वॅपच (लेबल बदलणं), फक्त आकडा तोच. शेवटून दुसऱ्या राउटरवर पॉप (लेबल काढणं). (एखाद्या राउटरवर एसआरजीबी वेगळा ठेवला तर आकडाही बदलतो, परीक्षेत इथेच फसतात.)

पुश (लेबल लावणं), स्वॅप, पॉप पक्कं नसेल तर हा विषय कळणार नाही. तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका. आधीच पाठवला असेल तर त्याखाली हा खुलासा टाका.