एफ/२२ लावून पलीकडच्या इमारती शार्प होत नाहीत

पाण्याकाठच्या शहराचे फोटो काढणाऱ्यांमध्ये एक सल्ला सतत पुढे केला जातो. पलीकडच्या इमारती फिकट, पुसट येतात? मग ॲपर्चर, म्हणजे लेन्समधलं छिद्र, एफ/२२ इतकं लहान ठेवा, चकाकी कमी करणारा पोलरायझर फिल्टर काढूच नका, ट्रायपॉड असला की हलण्याची काळजी सोडा आणि राहिलेली कसर एडिटिंगमध्ये शार्पनिंग, क्लॅरिटी आणि धुरकटपणा घालवणारा डीहेझ वाढवून भरून काढा. हे मनावर घेऊन नवखी मुलं चांगल्या लेन्सला दोष देतात, याचं मला फार वाईट वाटतं. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

आधी एफ/२२. छिद्र लहान केलं की डेप्थ ऑफ फील्ड, म्हणजे जवळपासून लांबपर्यंत जेवढा भाग शार्प येतो ती खोली, वाढते, हे खरंच आहे. पण इथे ती हवीय कुणाला? पलीकडच्या काठावरच्या सगळ्याच इमारती लेन्सच्या लेखी अनंतावर असतात. फुल फ्रेमवर (३५ मिमी फिल्मएवढ्या सेन्सरवर) २४ मिमी लेन्स एफ/८ ला साधारण अडीच मीटरवर फोकस केली, तरी सव्वा मीटरपासून पुढचं सगळं पुरेसं शार्प येतं. छिद्र त्याहून आवळत गेलं की विवर्तन डोकं वर काढतं: प्रकाशाचा बिंदू सेन्सरवर बिंदू राहत नाही, त्याची चकती होते. हिरव्या प्रकाशात या चकतीचा व्यास एफ/८ ला सुमारे ११ मायक्रॉन असतो, एफ/२२ ला जवळजवळ ३०. चोवीस मेगापिक्सेलच्या फुल फ्रेम सेन्सरचा एक पिक्सेल सुमारे ६ मायक्रॉनचा, म्हणजे एकच दिवा पाच पिक्सेल रुंद पसरला.

कॅमेरा न हलवता दोन्ही फ्रेम घ्या आणि शंभर टक्क्यांवर उघडा. एफ/८ मध्ये दोन उजळ खिडक्यांमधली काळी पट्टी वेगळी दिसते. एफ/२२ मध्ये तोच मजला एक पिवळसर पट्टा होऊन बसलेला असतो. दिव्यांना चांदणीसारखे किरण हवे असतील तर छिद्र जरूर लहान करा, पण त्यासाठी काय देतोय हे ठाऊक असू द्या.

शिवाय एफ/८ च्या तुलनेत एफ/२२ ला शटर आठपट वेळ उघडं ठेवावं लागतं, आणि इथेच ट्रायपॉडचा भरवसा तुटतो. लाकडी धक्क्यावर ट्रायपॉड लावून लाइव्ह व्ह्यू, म्हणजे मागच्या स्क्रीनवरचं थेट चित्र, पूर्ण मोठा करा आणि कुणाला तरी शेजारून चालायला सांगा. अख्खी इमारत स्क्रीनवर उड्या मारते. पाय दगडी पायरीवर रोवा, मधला दांडा वर काढू नका, दोन सेकंदांचा टायमर लावा. आणि फोकस! सल्ल्यात त्याचा उल्लेखच नाही. लेन्सवरच्या अनंताच्या खुणेवर विसंबू नका. एखादी उजळ खिडकी मोठी करून फोकस करा आणि मग मॅन्युअलवर टाका.

पोलरायझर सूर्याशी काटकोनात सगळ्यात जास्त काम करतो. वाइड लेन्सवर त्यामुळे आकाशात एकाच बाजूला गडद डाग पडतो. संध्याकाळनंतर तर पोलरायझर एक-दोन स्टॉप (एक स्टॉप म्हणजे निम्मा) प्रकाश खातो आणि बदल्यात फारसं काही देत नाही. तेव्हा काढून ठेवा.

आता उरलेली कसर. कॉन्ट्रास्ट हरवतो तो मधल्या हवेत. बाष्प आणि धूळ प्रकाश विखुरतात, काळ्या भिंतींवर पांढुरका पडदा चढतो, आणि अंतर वाढेल तसा कॉन्ट्रास्ट गुणोत्तराने घटतो: दोन किलोमीटरला निम्मा उरला, तर चारला पाव. डीहेझ त्या उरलेल्या पाव हिश्शालाच ताणतो आणि त्याच्याबरोबर नॉइज, म्हणजे फोटोतले दाणेही, ताणला जातो. छपरांभोवती पांढरी कड आणि आकाशात पट्टे येतात ते यातूनच. पाणी आणि हवेच्या तापमानातल्या फरकाने हवा थरथरत असेल, तर लांबचं जवळ आणणाऱ्या टेलिलेन्समध्ये इमारतीची सरळ कड नागमोडी होते. शार्पनिंगने ती सरळ होत नाही, नागमोड तेवढी ठळक होते.

यावर खरा उपाय वेळेचा आहे. पाऊस नुकताच थांबल्यावर या, धुकं नसलेल्या पहाटे या, बाजूने ऊन पडतं तेव्हा या. दिवे आणि आकाश सारख्या उजेडाचे असतात तो सूर्यास्तानंतरचा थोडा वेळ साधा. थरथर असेल तर शटरचा वेळ कमी ठेवून दहा-पंधरा फ्रेम घेऊन सगळ्यात स्वच्छ तेवढी ठेवा.

एडिटिंग मीही करतो, पण डीहेझ मास्क करून, म्हणजे फक्त इमारतींपुरता, पंधरा-वीसपर्यंत. लाइटरूम या एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये शार्पनिंगचा मास्किंग स्लायडर ऑल्ट दाबून सरकवला की पांढरं दिसतं तिथेच शार्पनिंग लागतं. आकाश आणि पाणी काळं होईपर्यंत सरकवा.

आणि समुद्राकाठी असाल तर आधी लेन्सची पुढची काच तिरकी धरून बघा. खारट तुषारांचा पातळ थर सगळा फोटो दुधाळ करतो. कोरड्या कापडाने घासू नका, मिठाने ओरखडे पडतील. आधी ब्लोअर मारा, मग किंचित ओल्या मऊ कापडाने टिपा आणि शेवटी कोरड्याने पुसा.