वॉल्टर श्लॉसची चार कपाटं

गुंतवणुकीचा विषय निघाला की आपल्याकडे गाडी बफेटच्या पुढे सरकत नाही. मला मात्र त्याचा जुना सहकारी वॉल्टर श्लॉस जास्त जवळचा वाटतो.

जन्म १९१६, न्यूयॉर्क. कॉलेजचं तोंड पाहिलं नाही. १९३४ मध्ये, मंदी चालू असतानाच, वॉल स्ट्रीटवर कागद पोचवणाऱ्या पोऱ्याची नोकरी आणि काम सुटल्यावर बफेटचा गुरू बेन ग्रॅहम याचे क्लास. युद्धावरून परतल्यावर ग्रॅहमकडेच लागला. १९५५ मध्ये १९ जणांचे मिळून एक लाख डॉलर घेऊन स्वतःचा फंड काढला. ऑफिस म्हणजे दुसऱ्या फर्मच्या जागेत मिळालेली खोलीवजा अडगळ. सेक्रेटरी नाही, कारकून नाही. पुढे १९७३ मध्ये मुलगा एडविन मदतीला आला, तेवढाच. बफेटने भागधारकांना लिहिलेल्या पत्रात याच्या 'विस्ताराची' नोंद केली आहे: १९५६ मध्ये फायलींचं एक कपाट होतं, २००२ पर्यंत चार झाली!

पद्धत अगदी कोरडी. पुस्तकी किमतीच्या (कंपनीच्या मालमत्तेतून देणी वजा करून उरते ती) आसपास किंवा खाली मिळणारा, फारसं कर्ज नसलेला, लोकांनी टाकून दिलेला शेअर घ्यायचा. असे शंभरावर शेअर एका वेळी. कंपनीच्या साहेबांना भेटण्यात त्याला रस नव्हता; वार्षिक अहवाल वाचला की झालं. कंपनी थोर आहे का, हा प्रश्नच नाही. (मला स्वतःला हे जमलं नसतं. रद्दी कंपनी हातात घेऊन वर्षानुवर्षं बसायला वेगळंच काळीज लागतं.)

१९५६ ते १९८४ च्या सुरुवातीपर्यंत बाजाराने वर्षाला ८.४ टक्के दिले. श्लॉसचा नफ्यातला वाटा वजा जाऊनही गुंतवणूकदारांच्या हाती १६.१ टक्के पडले. ठरावीक फी नव्हती. नफा नाही तर त्यालाही काही नाही.

हे आकडे दिवाळीत भाच्याला सांगितले. मोबाइलवरच्या ऑप्शनच्या (शेअरच्या पुढच्या भावावर लावायच्या सौद्यांच्या) स्क्रीनवरून नजर न काढता म्हणाला, "मामा, सोळा टक्के तर सकाळी साडेनऊला होतात." दुपारी साडेतीनला, बाजार बंद होताना, काय होतं, ते मी विचारलं नाही. २०२१-२२ ते २०२३-२४ मध्ये फ्युचर्स-ऑप्शन्स करणाऱ्या दर १०० सामान्य लोकांपैकी ९३ तोट्यात गेले, असं शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीच्याच अहवालात आहे.

पण श्लॉसच्या परताव्यापेक्षा मला त्याचा शेवटचा निर्णय मोठा वाटतो. २००० च्या सुमारास मनासारखे स्वस्त शेअर सापडेनात, तेव्हा बापलेकांनी लोकांचे पैसे परत केले आणि फंड बंद केला. नवी स्कीम नाही, नवं नाव नाही. फेब्रुवारी २०१२ मध्ये, ९५ व्या वर्षी, तो गेला.