मोतीला मिठाचं पाणी पाजायला सांगितलं कुणी?

मंगळवारी रात्री साडेनऊला अमळनेरहून मावसभावाचा फोन आला. मोती हा त्याचा कुत्रा. आवाज थरथरत होता. "भाऊ, मोतीनं उंदीरनं औषध खादं. ग्रुपवर लिखेल व्हतं तसं मीठनं पाणी पाजी दिधं. आते काय करू?"

कोठीत ज्वारीच्या पोत्यांमागे उंदरांसाठी कणकेच्या गोळ्या ठेवल्या होत्या, काळी पावडर कालवलेल्या. मोतीनं त्यातल्या दोन-तीन गिळल्या. आणि घरच्यांनी दवाखान्याला फोन करायच्या आधी मोबाईलवरचा मेसेज उघडला.

तो मेसेज आमच्या सगळ्या नातेवाइकांत फिरतोय. 'कुत्र्या-मांजरानं कसलंही विष खाल्लं तरी डॉक्टरची गरज नाही' असं वर ठळक अक्षरांत, खाली पाच उपाय: उलटी होईपर्यंत ग्लास-ग्लास मिठाचं पाणी, त्यावर तूप घालून दूध, चुलीतला कोळसा कुटून, मांजराला कांद्याचा रस, आणि दोन तासांत काही झालं नाही तर निर्धास्त झोपा.

मिठाचं आधी बोलतो, कारण त्यानंच मोती गेला असता. मेसेजमध्ये ग्लासाला दोन मोठे चमचे मीठ लिहिलंय, म्हणजे साधारण 35 ग्रॅम. मर्क व्हेटर्नरी मॅन्युअल हे जगभरचे पशुवैद्य वापरतात ते पुस्तक. त्यात कुत्र्याच्या दर किलो वजनाला 4 ग्रॅमच्या आसपास मीठ जीवघेणं धरलंय, आणि त्रास त्याच्या निम्म्यापासूनच सुरू होतो. मोती 12 किलोचा. दोन ग्लास पोटात राहिले असते तर 70 ग्रॅम! उलटी झाली तर बरंचसं मीठ बाहेर पडतं, पण उलटी होईलच याची खात्री कुणी दिली? झाली नाही तर रक्तातलं मीठ वाढतं, तहान, थरथर, मग झटके. म्हणजे विषावर दुसरं विष. मोतीच्या नशिबानं त्यानं मान झटकली आणि निम्म्याहून जास्त पाणी भावाच्या शर्टावर गेलं.

शिवाय 'कसलंही विष' म्हणजे काय? रॉकेल, पेट्रोल, ॲसिड पोटात गेलं असेल तर उलटीनं अन्ननलिका दुसऱ्यांदा भाजते किंवा ते फुफ्फुसात उतरतं. झटके येत असलेल्या किंवा सुस्त पडलेल्या जनावराला उलटी करवली तर तेच. खाऊन तासाभरात डॉक्टर उलटी करवतात, हे खरं आहे आणि मेसेजमधला तेवढा भाग मी मान्य करतो. पण ते इंजेक्शन देऊन, आणि काय खाल्लंय ते विचारून.

आता दूध-तूप. 'दुधानं विष मरतं' हे आपल्याकडे आजीपासून ऐकतो. ती काळी पावडर झिंक फॉस्फाईड होती. पोटातल्या आम्लाशी तिची गाठ पडली की फॉस्फीन नावाचा विषारी वायू तयार होतो. खायला घातलं की आम्ल वाढतं, वायूही वाढतो. म्हणून या विषात दूध, पोळी, काहीच द्यायचं नसतं. याला उतारा नाही, डॉक्टर आम्ल कमी करणारं औषध आणि सलाईन देतात. आणि कुत्रा बंद खोलीत ओकला तर तो वायू घरच्या माणसांच्याही नाकात जातो. मावशी दार लावून मोतीचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती! फोनवर मी पहिलं काय ओरडलो असेन तर "खिडक्या उघडा, बाहेर अंगणात या".

कोळशाबद्दल फार लिहीत नाही. दवाखान्यात देतात तो मुद्दाम तयार केलेला सक्रिय कोळसा असतो, चुलीतला नव्हे. कांदा तर स्वतःच मांजराच्या आणि कुत्र्याच्या तांबड्या रक्तपेशी फोडतो.

'दोन तासांत काही झालं नाही तर झोपा' हे मात्र सोडवत नाही. बाजारात उंदरांच्या विषाचे केक मिळतात, त्यातलं ब्रोमाडायोलोन रक्त गोठू देत नाही. कुत्रा तीन-चार दिवस हसतखेळत असतो, मग हिरड्या पांढऱ्या पडतात, नाकातून रक्त येतं. वेळेवर जीवनसत्त्व के1 मिळालं तर वाचतो, पण ते आठवडे-आठवडे द्यावं लागतं. याउलट कपाशीवर फवारायची काही औषधं काही मिनिटांतच लाळ, डोळ्याची बारीक झालेली बाहुली, अंगाची थरथर दाखवतात. तिथं ॲट्रोपिन नावाचं औषध लागतं, ते डॉक्टरकडेच. अंगावर औषध सांडलं असेल तर हातमोजे घालून साबणाच्या पाण्यानं धुवा आणि निघा.

दवाखान्यात डॉक्टरांचा पहिला प्रश्न होता, "पुडी आणलीत का?" पुडी चुलीत गेली होती. किती वाजता खाल्लं, किती खाल्लं, वजन किती, काय पाजलं, हे तरी भावानं बरोबर सांगितलं. मिठाचं लपवलं नाही, ते फार बरं केलं.

मोती दोन दिवसांनी घरी आला. ज्यांनी तो मेसेज टाकला होता त्या काकांना मी फोन केला, त्यांनी तो लगेच काढला. त्याच जागी मी तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्याचा, एका खासगी डॉक्टरांचा आणि जनावरांच्या उपचारांसाठीचा शासनाचा 1962 असे तीन नंबर टाकलेत. मावशीनं ते कोठीच्या दारावर खडूनं लिहून घेतलेत.