निकाल लागला, पण बजावणार कोण?

दिवाणी दावा जिंकलेल्या माणसाला विचारा, खरी लढाई कधी सुरू झाली. हुकूमनामा हातात आल्यावर! मग तो बजावून घ्यायला दरखास्त टाकायची, बेलीफ मागायचा, पोलीस बंदोबस्त मागायचा, तेव्हा कुठे ताबा. लिबर्टेरियन, म्हणजे कुणावरही सक्ती नको मानणाऱ्या विचारातला अराज्यवाद (राज्यच नको) विरुद्ध किमान शासन (राज्य फक्त पोलीस, न्यायालय आणि सैन्यापुरतं) हा वाद माझ्या मते याच दरखास्तीपाशी येऊन ठेपतो.

"सरकार नसेल तर रस्ते कोण बांधणार" हा प्रश्न इथे गैरलागू आहे. रस्ते, शाळा, टपाल, वीज यांत सरकारने पडू नये, यावर दोन्ही गटांचं बहुतेक एकमत आहे. भांडण आहे ते पोलीस, न्यायालय आणि सैन्य या तीनच गोष्टींवरून. आणि अराज्यवाद म्हणजे अराजक नव्हे. कायदा हवाच, फक्त तो पुरवण्याची मक्तेदारी कुणाकडे नको, एवढंच त्यांचं म्हणणं. 1849 मध्ये गुस्ताव द मोलिनारी या अर्थतज्ज्ञाने हे पहिल्यांदा नीट मांडलं: बाकी सगळ्या मालात स्पर्धा चांगली, तर सुरक्षेतच का नको? त्याच्या पॅरिसमधल्या मुक्त व्यापारवादी सहकाऱ्यांनाही ते पटलं नाही.

पुढे मरी रॉथबार्ड आणि डेव्हिड फ्रीडमन या अमेरिकी अराज्यवादी अर्थतज्ज्ञांनी त्याचा आराखडा केला. तुमची सुरक्षा कंपनी एक, माझी दुसरी. चोरीचा आरोप झाला की दोन्ही कंपन्या आधीच ठरलेल्या लवादाकडे जाणार, कारण मारामारी महाग पडते. यावर किमान शासनाच्या बाजूच्या रॉबर्ट नोझिक या तत्त्वज्ञाने 1974 मध्ये उत्तर दिलं: संरक्षण हा असा माल आहे की मोठ्या कंपनीचाच जास्त उपयोगी पडतो, म्हणून गिऱ्हाईक तिकडे सरकत जातं आणि शेवटी एकच कंपनी उरते. तेच राज्य. बाहेर राहिलेल्यांना स्वतः न्याय करायची बंदी, आणि भरपाई म्हणून त्यांनाही संरक्षण. मी किमान शासनवाला, तरी ही बंदीची पायरी मला कच्ची वाटते. कुणी अजून काहीच केलेलं नसताना निव्वळ धोक्यापोटी त्याचा हक्क काढून घ्यायचा? शिवाय असं राज्य इतिहासात कुठे जन्मलं, हा रॉथबार्डचा सवाल रास्तच आहे.

म्हणून मला नोझिकपेक्षा आइसलँड जास्त शिकवतं. 930 च्या सुमारास तिथे आल्थिंग ही सभा सुरू झाली. राजा नाही, पोलीस नाही, सैन्य नाही. पगारी पद एकच, कायदा सांगणाऱ्याचं. दर उन्हाळ्यात तो एक तृतीयांश कायदा तोंडी म्हणून दाखवायचा, तीन वर्षांत सगळा पुरा. सरदारक्या सुरुवातीला 36, पुढे 39. सरदारकी विकता यायची, वाटून घेता यायची, आणि शेतकऱ्याला सरदार बदलता यायचा. गरिबाचा दावा चालवायची ताकद नसेल तर तो आपला हक्क बलवानाच्या नावे करून द्यायचा, ही सोय मला फार हुशारीची वाटते. निकाल मात्र जिंकणाऱ्यानेच बजावायचा. माणूस कायद्याबाहेर ठरला, म्हणजे त्याचं कायद्याचं संरक्षण गेलं, की त्याच्या घराजवळ जप्तीचं न्यायालय भरवायचं, तेही स्वतःची माणसं घेऊन!

ही घडी तीनशे वर्षांहून जास्त चालली. 1097 च्या सुमारास चर्चसाठी दशांश कर आला. त्याचे चार वाटे: बिशप, गरीब, चर्च आणि पाद्री. पुष्कळ चर्चं सरदारांच्याच जमिनीवर, त्यामुळे शेवटचे दोन वाटे त्यांच्या हाती. शेतकरी सोडून गेला तरी हे उत्पन्न आटत नव्हतं. तेराव्या शतकात बहुतेक सरदारक्या मोजक्या घराण्यांकडे गेल्या, सोडून जायला दुसरा सरदारच उरला नाही. बळी तो कान पिळी झालं, लढाया झाल्या, आणि 1262 ते 1264 दरम्यान थकलेल्या लोकांनी नॉर्वेच्या राजाला कर कबूल केला.

अराज्यवादी म्हणतील, दशांश ही सक्तीच होती, बाजार कुठे हरला? निम्मं खरं आहे. पण ही सक्ती त्याच आल्थिंगने, त्याच सरदारांच्या संमतीने आणली, आणि त्यांना अडवणारं वर कुणीच नव्हतं.

आमच्या बाजूचं दुखणं कराचं आहे. किमान शासनालाही पैसा लागतो आणि तो सक्तीने घेतला तर आमचंच तत्त्व मोडतं. लेखिका आयन रँडने 1964 मध्ये सुचवलं होतं: करार न्यायालयातून बजावून हवा असेल त्याने त्यावर ठरावीक शुल्क भरावं, नको असेल त्याने भरू नये. आपल्याकडचं मुद्रांक शुल्क आठवा. मुद्रांक कमी पडलेला दस्त शुल्क आणि दंड भरेपर्यंत पुराव्यात घेत नाहीत. फरक एवढाच की इथे भरायचं की नाही हे ठरवायला वाव नाही. सैन्याचा खर्च अशा शुल्कातून निघेल का, याचं पटणारं उत्तर आमच्याकडे अजून नाही आणि ते शोधायलाच हवं.

न्यायनिवाड्यात स्पर्धा खुशाल असावी. 1996 च्या लवाद कायद्याने आपल्याकडेही खाजगी लवाद निवाडा देतो. पण समोरच्याने तो मानला नाही, तर तो न्यायालयाच्या हुकूमनाम्यासारखाच बजावून घ्यावा लागतो, आणि दाराशी येतो तो सरकारी बेलीफच. तो बेलीफ दोन कंपन्यांचे दोन असावेत, हे मला अजून कुणी पटवून दिलेलं नाही.