फेट्याची वर्गणी

पावतीवर लिहिलंय, ‘सत्कार निधी, रु. २००’. खाली आमच्या हौशी गळकऱ्यांच्या संघटनेचा शिक्का, शिक्क्यात गळाला लटकलेला मासा, आणि त्या माशाच्या तोंडावर थेट आम्हा सभासदांचे भाव. सत्कार कुणाचा? ज्या साहेबांनी आमच्या बंधाऱ्यावर ‘मासेमारीस सक्त मनाई’ची पाटी ठोकली, त्यांचा. शाल, श्रीफळ आणि कोल्हापुरी फेटा. बंदी घातली म्हणून सत्कार कशाला, असं विचारलं तर अध्यक्ष म्हणाले, “संबंध चांगले राहायला पाहिजेत.” संबंधांना काय झालंय? साहेब फेटा बांधून घरी, आम्ही पिशवी बांधून घरी.

बंधाऱ्याचं नाव सांगत नाही. पंचगंगेच्या खोऱ्यात बंधाऱ्यांना तोटा नाही, कुठलाही धरून चाला. बंदी म्हणाल तर फक्त ५०० मीटरची, वर पाचशे आणि खाली पाचशे. ज्यानं जन्मात गळ टाकला नाही त्याला वाटतं, मग जा की सहाशेव्या मीटरला, नदी काय तिथं संपते?

नदी संपत नाही, बसायची जागा संपते. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्याला दगडी किंवा काँक्रीटचे खांब, खांबांना खाचा, खाचांत बरगे, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्या. बरग्यांच्या दोन रांगा आणि मध्ये दाबून भरलेली माती. पावसाळा ओसरला की ऑक्टोबरच्या सुमाराला बरगे घालतात, पुढचा पाऊस यायच्या आत काढतात. बरगे घातले की वरच्या अंगाला पाणी तुंबतं, गाळ खाली बसतो आणि तळाला चरणारा मृगळ मासा तिथं येतो. मृगळाचं तोंड खालच्या बाजूला, कटल्याचं वर वळलेलं आणि रोहू अधल्यामधल्या पाण्यातला, त्यामुळं एकाच जागी तीन खोलींवर तीन गिऱ्हाइकं असतात. बरगे कितीही ठोका, फटीतून पाणी गळणारच. त्या गळत्या पाण्याला हवा जास्त, तिथं बारकी मासळी जमते, आणि तिच्या मागावर दिवेलागणीला शिंगटा दगडांच्या कपारीतून बाहेर पडतो. एवढं सगळं त्या पाचशे मीटरात. त्याच्या पलीकडं ऊस आहे. थेट पाण्यापर्यंत ऊस, आणि त्याखाली काळ्या मातीची दहा-बारा फुटांची सरळ दरड.

नऊ फुटी रॉड घेऊन उसात उभं राहून बघा एकदा. मागं न्यायला जागा नाही. रॉड फिरवला की गळ पाचटात, पाचट ओढलं की मळ्याचा मालक हजर. आणि एवढं करून मासा लागलाच, तर तो दरडीवरून वर कसा घेणार? ०.३० मिलिमीटरचा तंगूस, म्हणजे गळाची दोरी, साधारण सहा किलोला तुटतो असं रिळावर लिहिलेलं असतं, पण ते सरळ ताणाचं गणित. दोन किलोचा मृगळ पाण्याबाहेर लटकला आणि एक हिसका दिला, की तंगूस तरी तुटतो नाहीतर ओठ तरी फाटतो. लांब दांड्याची जाळी लागते, ती धरायला दुसरा माणूस लागतो, आणि त्या दुसऱ्या माणसाला उभं राहायला जागा लागते.

संघटनेनं वाटाघाटी करून यातून काय मिळवलं? ओळखपत्र. लॅमिनेशनसह रु. ५०. मागच्या बाजूला मजकूर : ‘सदर सभासदास प्रतिबंधित क्षेत्रात बसण्याची मुभा राहील. गळ, दोरी, जाळे वा तत्सम साधन वापरता येणार नाही.’ जी मुभा त्या काठावरच्या प्रत्येक कुत्र्याला जन्मतः आहे, ती आम्हाला फोटोसकट मिळाली.

हे कार्ड काठावर कसं चालतं, ते बघायला मिळालं. राखणदार मामा पाटीच्या सावलीत बसलेले. पाण्यात आप्पा नावाचे गृहस्थ म्हैस घासत होते. म्हशीला मनाई नाही.

“ओ पावणं, पिशवीत काय हाय?”

“रॉड आहे मामा.”

“काढायचा न्हाई.”

“काढलेला नाही.”

“काढणार हाईसा की.”

याला उत्तर नव्हतं, म्हणून कार्ड पुढं केलं. मामांनी ते हातभर लांब धरलं, मग नाकाजवळ आणलं, फोटो आणि तोंड ताडून पाहिलं, पालथं केलं आणि मागचा मजकूर एकेक अक्षर सोडवत वाचला.

“बसन्याची मुभा ऱ्हाईल. बसा.”

“बसून काय करू?”

“त्ये कारडावर न्हाई.”

आप्पांनी पाण्यातूनच विचारलं, “काय घावतंय हो हितं?”

“मृगळ, रोहू. नशीब असलं तर मरळ.”

“किलोला काय पडतो?”

“विकत नाही आप्पा. हौस.”

“हौस व्हय, पर पडतो काय?”

मग हिशेब सुरू झाला. रॉड, रीळ, तंगूस, शिसं, पेंड, पेट्रोल, संघटनेची वर्गणी, कार्ड, फेटा.

“फेटा?” आप्पांचा घासायचा हात थांबला. “मासं धराय फेटा बांधतासा?”

फेट्याची हकिगत सांगावी लागली. मामा पाटीकडं बघत होते, जणू तिचा आणि त्यांचा काही संबंध नाही. आप्पांनी सगळं नीट ऐकून घेतलं.

“म्हंजे त्येनी तुमास्नी हाकललं, आनि फेटा तुमी बांधला.”

“हो.”

“आनि तुमची संघटना हाय.”

“नोंदणीकृत.”

आप्पांनी म्हशीकडं पाहिलं. “हिला हाकललं तर ही बी शिंग उगारती.”

म्हशीनं मान हलवली. पाणी कानात गेलं असेल, पण वेळ अचूक साधली. मग आप्पांनी खटला स्वतःच हातात घेतला.

“मामा, पावण्यानी बिनआमिषाचा गळ टाकला तर?”

“मग टाकायचा कशाला?”

“पानी किती खोल हाय बघाय.”

मामा विचारात पडले. “खोली बगायची तर साह्यबांचा कागद लागंल.”

“बरं, मासा धरला आनि परत सोडला तर? पानी तितंच, मासा तितंच. काय चोरलं?”

“पर पाटी?”

“पाटी बी तितंच ऱ्हाती की.”

मामांनी बराच वेळ पाटीकडं, मग माझ्याकडं, मग पुन्हा पाटीकडं पाहिलं. शेवटी निकाल दिला, “तुमचं बराबर हाय. पर न्हाई.”

पण गंमत बघा. म्हैस घासता घासता आप्पांना जे सुचलं, ते आमच्या कार्यकारिणीला चहा-भज्यांसह भरलेल्या बैठकांत सुचलं नाही. पकडा आणि सोडा. कावेरीवर महसीर मासा पकडून, वजन-माप घेऊन परत सोडायची पद्धत हौशी गळकऱ्यांनी कित्येक वर्षं पाळली. त्याला लागतं काय? गळाच्या टोकामागचा उलटा काटा पक्कडीनं दाबून सपाट करायचा, म्हणजे गळ झटक्यात निघतो. माशाला हात लावायच्या आधी हात पाण्यात बुडवायचा, कारण कोरड्या हातानं अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि तिथं बुरशी धरते. गळ खोल गिळला असेल तर ओढायचा नाही, तंगूस तोंडापाशी कापायचा. एवढ्या तीन ओळी संघटनेच्या पत्रात मावल्या असत्या. पण पत्रात पहिला परिच्छेद ‘मा. साहेबांचे कार्य कौतुकास्पद आहे’ यात गेला, दुसरा कार्यकारिणीच्या नावांत, आणि तिसऱ्यात सत्काराची तारीख मागितली.

साहेबांचं सगळंच चुकलं, असंही म्हणवत नाही. बंधाऱ्याच्या माथ्यावर बसू देऊ नये, हे खरंच आहे. शेवाळावर पाय घसरतो, आणि बरगे काढताना खालच्या अंगाचं पाणी बघता बघता चढतं. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांना आलं की इशारा आणि ४३ फुटांना धोका, हे इथल्या पोरांना पाढ्यांच्या आधी पाठ होतं; पाण्याशी मस्ती नको, हे कोल्हापूरकराला शिकवायला नको. मग माथा बंद करा. खालचे पन्नास मीटर बंद करा. सूर्योदय ते सूर्यास्त अशी वेळ ठेवा, माणशी दोन रॉड ठेवा, पावसात मासा अंडी सोडायला चढतो तेव्हाचे महिने पूर्ण बंद ठेवा. यातलं एक तरी आमच्या बाजूनं मागायला हवं होतं. धरणं-तलाव मच्छीमार संस्थांना ठेक्यानं दिलेले असतात, तिथं त्यांचं पोट आहे, हौशी माणसानं मागंच उभं राहावं. पण नदीकाठच्या बंधाऱ्यावर चार म्हातारे आणि दोन कॉलेजची पोरं रॉडला घुंगरू लावून बसतात, त्यात कुणाचं पोट मारलं जातं?

अध्यक्षांना हे कळावं अशी अपेक्षा नाही. त्यांची गाठ पाहिली आहे. खरी गाठ म्हणजे तंगूस गळाच्या डोळ्यातून ओवून मूळ दोरीभोवती पाच-सहा वेढे द्यायचे, टोक डोळ्याजवळच्या फटीतून परत घालायचं, आणि आवळण्याआधी थुंकी लावायची. कोरडी आवळली तर घासून तापते आणि तंगूस तिथंच कमजोर होतो, मासा लागला की गाठीतच तुटतो. अध्यक्ष गळाला चपलेच्या पट्ट्यासारखी गाठ मारतात आणि मासा सुटला की म्हणतात, “मोठा होता.” उपाध्यक्ष आमिषाची पेंड विकतात. त्यांची पेंड बारीक असते, हे मान्य. पण शेंगपेंड रात्रभर भिजवून, पिळून, तेवढीच कणीक घालून घट्ट मळली नाही तर गोळी हवेतच सुटून गळ एकटा पाण्यात जातो. कापसाचे चार धागे मळून घातले की टिकते. जास्त घातले तर गळाचं टोक कापसात अडकतं आणि माशाच्या ओठात शिरत नाही. हे उपाध्यक्ष सांगत नाहीत, कारण गोळी टिकली तर पेंड कमी खपते.

एवढं हसून झाल्यावर एक गोष्ट घशात अडकते. पाटी आमच्यासाठी आहे. रात्री जिलेटीन टाकणाऱ्याला पाटी दिसत नाही, अंधार असतो. पाण्यात ब्लीचिंग पावडर सोडणाऱ्यालाही दिसत नाही. स्फोटकं लावून आणि विष घालून मासे मारणं हा कायद्यानं आधीपासूनच गुन्हा आहे. त्याला नव्या पाटीची गरज नव्हती, फक्त रात्री फिरणारा एक माणूस हवा होता. उन्हाळ्यात पाणी आटलं की पंचगंगेत मेलेल्या माशांचा खच तरंगतो, वर्तमानपत्रात फोटो येतो, सांडपाण्याचे नमुने घेतल्याची बातमी येते आणि पाऊस पडला की ती वाहून जाते. एका गळाला, एका दिवसात, नशीब जोरावर असलं तर चार मासे. त्या खचात किती, ते मोजायला संघटनेचा एकही पदाधिकारी नाकाला रुमाल लावून गेला नाही. गेला असता तर साहेबांना सांगायला काहीतरी हातात असतं. १९५२ साली भारतात आणलेली चिलापी मासळी, तोंडात अंडी सांभाळणारी, तेवढी त्या पाण्यातही तग धरते. तिच्यासाठी मात्र काठावर पाटी कुणी ठोकत नाही.

आता ज्यांना जायचंच आहे त्यांच्यासाठी. पाचशे मीटरच्या पलीकडं ऊसतोड झाल्यावरच जा, मोकळ्या रानात निदान साप दिसतो. रॉड सहा फुटी न्या आणि हाताखालून झोका देऊन टाका. दोरीला लावायचं शिसं २० ग्रॅमच्या वर नको, दरडीच्या पायथ्याला मुळ्या असतात, जड शिसं त्यात रुततं. रिळाचा ड्रॅग, म्हणजे तंगूस आवळून धरणारा ब्रेक, इतका सैल ठेवा की हातानं ओढल्यावर दोन किलोच्या आसपास तंगूस सुटायला लागेल, तुटण्याच्या ताणाच्या तिसऱ्या हिश्शाला. घुंगरू वाऱ्यानंही वाजतं. टिक-टिक झाली की थांबा, सरळ ओढ लागली की रॉडला झटका मारा. शेतीपंपाच्या तारा डोक्यावरून गेल्या असतील तिथं कार्बनचा रॉड उभा करू नका, त्यातून वीज वाहते. पंपाच्या पाण्यातल्या फूटव्हॉल्व्हपासून लांब बसा, तिथं गळ अडकला तर मोटार बंद करायला मालकच लागतो. त्या मालकाला आधीच भेटा, रामराम घाला, दोन मासे कबूल करा. आणि संघटनेचं कार्ड दाखवू नका.